केईएम : वॉर्डातल्या अडचणींतून उभे राहिलेले संशोधन

परळकर (धागाकर्ता)

मुंबईत परळला असलेल्या महापालिकेच्या केईएम (किंग एडवर्ड मेमोरियल) रुग्णालयाची चर्चा निघाली की ती बहुधा ओपीडीच्या रांगेवर, व्हरांड्यात गाद्या टाकून झोपलेल्या रुग्णांवर किंवा एखाद्या नावाजलेल्या डॉक्टरांच्या आठवणींवर येऊन थांबते. या गोष्टी खऱ्या आहेत आणि महत्त्वाच्याही आहेत. मात्र याच रुग्णालयातून आणि त्याला जोडलेल्या सेठ गोरधनदास सुंदरदास वैद्यकीय महाविद्यालयातून जगाच्या वैद्यकशास्त्रात भर घालणारे जे संशोधन झाले, त्याविषयी मराठीत फार थोडे लिहिले गेले आहे. 1926 साली सुरू झालेल्या या रुग्णालयाच्या शंभरीचे निमित्त साधून हा धागा काढत आहे. माझे म्हणणे असे आहे की केईएममधल्या मोलाच्या संशोधनाचा उगम रुग्णाच्या खाटेपाशी आलेल्या अडचणीत आहे, आणि ती अडचण ज्यांनी 'असे कधीकधी होते' म्हणून सोडून दिली नाही त्यांच्या हातून ते घडले.

स्थापनेची पार्श्वभूमी थोडक्यात सांगतो. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापासून मुंबईत वैद्यकीय शिक्षणाची सोय सरकारी ग्रँट मेडिकल कॉलेजात होती. तिथल्या वरच्या जागांवर इंडियन मेडिकल सर्व्हिसमधले, बहुतांशी ब्रिटिश, अधिकारी असत. परदेशातून मोठ्या पदव्या घेऊन आलेल्या हिंदी डॉक्टरांनाही स्वतःचा वॉर्ड आणि स्वतःचे विद्यार्थी मिळणे दुरापास्त होते. महापालिका परळला रुग्णालय बांधत असताना सेठ गोरधनदास सुंदरदास यांच्या विश्वस्तांनी महाविद्यालयासाठी देणगी देऊ केली आणि अध्यापक हिंदीच असले पाहिजेत, अशी अट घातली. इमारतीचा आराखडा गेटवे ऑफ इंडियाचे वास्तुविशारद जॉर्ज विटेट यांचा होता. पहिले अधिष्ठाता डॉ. जीवराज मेहता हे महात्मा गांधींचे निकटवर्ती डॉक्टर आणि पुढे गुजरात राज्याचे पहिले मुख्यमंत्री झाले. शिकवणे, उपचार आणि संशोधन ही तिन्ही कामे आपल्या माणसांना स्वतःच्या जबाबदारीवर करता यावीत, ही ईर्ष्या या संस्थेच्या पायात आहे, आणि पुढच्या कामाचा विचार करताना ती लक्षात ठेवावी लागते.

आता ज्या उदाहरणामुळे हा धागा लिहावासा वाटला त्याकडे येतो. 'बॉम्बे ब्लड ग्रुप' हे नाव अनेकांनी दुर्मीळ रक्ताच्या तातडीच्या आवाहनांमध्ये वाचले असेल. हा रक्तगट प्रथम ओळखला गेला तो इथे. डॉ. वाय. एम. भेंडे, सी. के. देशपांडे आणि एच. एम. भाटिया यांच्यासमोर असे रुग्ण आले की ज्यांचे रक्त वरवर 'ओ' गटाचे दिसत होते, पण 'ओ' गटाच्या कोणत्याही दात्याचे रक्त त्यांना जुळत नव्हते. जखमी माणूस समोर आहे, रक्त देणे निकडीचे आहे आणि एकामागून एक बाटल्या नाकाराव्या लागत आहेत, अशी ती अवस्था होती. या रक्ताचा पुढचा अभ्यास लंडनच्या लिस्टर इन्स्टिट्यूटमधील रेस, सँगर, मॉर्गन आणि वॉटकिन्स या त्या काळच्या अग्रगण्य तज्ज्ञांबरोबर झाला आणि 1952 साली 'लॅन्सेट' या नियतकालिकात निबंध प्रसिद्ध झाला. लेखकांच्या यादीत पहिले नाव भेंडे यांचे आहे.

त्या निबंधाचे महत्त्व एका दुर्मीळ गटाची नोंद होण्यापुरते नाही. 'ए' आणि 'बी' ही रक्तपेशींवरची द्रव्ये 'एच' नावाच्या मूळ द्रव्यावर रचली जातात. 'ओ' गटाच्या माणसाकडे हा 'एच' भरपूर असतो, फक्त त्यावर पुढची रचना होत नाही. बॉम्बे गटाच्या माणसाकडे तो 'एच'च नसतो. त्यामुळे 'ए' किंवा 'बी'चे जनुक अंगात असूनही ते पेशीवर दिसत नाही. रक्तगटांची द्रव्ये शरीरात कोणत्या क्रमाने तयार होतात हे समजण्यासाठी परळमध्ये सापडलेल्या या रक्ताचा मोठा उपयोग झाला. पुढे 1957 साली याच आवारात रक्तगटांचे संदर्भ केंद्र सुरू झाले आणि त्याची आजची राष्ट्रीय रक्तविज्ञान संस्था झाली. ती अजूनही केईएमच्याच आवारात आहे.

दुसरे उदाहरण सर्पगंधा या औषधी वनस्पतीचे. डॉ. रुस्तम जाल वकील यांनी केईएममधल्या उच्च रक्तदाबाच्या 50 रुग्णांवर सर्पगंधेचा अभ्यास करून 1949 साली 'ब्रिटिश हार्ट जर्नल'मध्ये तो प्रसिद्ध केला. उच्च रक्तदाबावर तोपर्यंत खात्रीचे आणि सोसवणारे औषध जवळजवळ नव्हतेच. आपल्यापैकी कुणाला याविषयी अधिक माहिती असेल तर अवश्य लिहावे. रक्तपेढीत, वॉर्डात किंवा प्रयोगशाळेत काम केलेल्या सभासदांच्या प्रतिसादांची मी विशेष वाट पाहत आहे.


सुहासिनी_त

परळकर, धागा फार आवडला. मी आयुष्यभर रक्तपेढीत तंत्रज्ञ म्हणून काम केले, त्यामुळे बॉम्बे गट प्रत्यक्ष टेबलावर कसा ओळखला जातो ते सविस्तर लिहिते. बाहेरच्या माणसाला ही गोष्ट गूढ वाटते, पण तिची उकल चार-पाच परीक्षानळ्यांत होते.

रक्तगट तपासताना दोन बाजूंनी तपासणी करतात. पहिल्या बाजूला रुग्णाच्या लाल पेशी घेऊन त्यांत 'ए'विरोधी आणि 'बी'विरोधी द्रव घालतात. बॉम्बे गटात दोन्हीकडे गुठळ्या होत नाहीत, म्हणून घाईत पाहणारा 'ओ' असे लिहून मोकळा होतो. दुसऱ्या बाजूला रुग्णाचे सीरम, म्हणजे पेशी वगळून उरलेला रक्तातला द्रव, घेऊन त्यात माहीत असलेल्या 'ए', 'बी' आणि 'ओ' गटांच्या पेशी घालतात. खरा 'ओ' गट असेल तर 'ओ' पेशींची नळी स्वच्छ राहते. नळी हलकेच हलवली की तळाशी बसलेल्या पेशींची लाल बुंदी अलगद उकलून सगळीकडे एकसारखा लाल रंग पसरतो. बॉम्बे गटात तीच नळी हलवल्यावर बुंदी उकलत नाही, तिचा एक घट्ट तुकडा सुटून वर येतो. ते दृश्य एकदा पाहिले की माणूस विसरत नाही. त्यानंतर एका झुडपाच्या बियांपासून काढलेले 'एच'विरोधी लेक्टिन (पेशीवरच्या द्रव्याला चिकटणारे प्रथिन) वापरून खात्री करतात. साध्या 'ओ' पेशी त्याने ताबडतोब चिकटतात, बॉम्बे गटाच्या पेशींवर काहीच घडत नाही.

तपासणीत 'ओ' पेशींची नळी लावणे ही वेळेची आणि साहित्याची थोडी वाढ आहे, म्हणून ती गाळण्याचा मोह होतो. ती गाळली आणि क्रॉसमॅचही, म्हणजे दात्याचे रक्त रुग्णाच्या रक्ताशी जुळते का याची तपासणीही, नीट केले नाही, तर रुग्णाला 'ओ' रक्त चढते आणि त्याच्या अंगातले 'एच'विरोधी द्रव्य शरीराच्या तापमानालाच त्या पेशी फोडू लागते. रुग्णाच्या जिवावर बेतते. भेंडे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी जे शोधले त्यामुळे आज कुठल्याही चांगल्या रक्तपेढीत ही नळी लावतात. संशोधनाचा रुग्णाला थेट झालेला एवढा स्पष्ट लाभ मला दुसरा सुचत नाही.

प्रमाणाबद्दल सांगायचे तर आपल्याकडे साधारण 10,000 माणसांत एक असे म्हणतात. युरोपात ते दहा लाखांत एक इतके विरळ आहे. मुंबईतच हा शोध लागण्याचे एक कारण हेही आहे. पण इथे असे रक्त तोवर कित्येकदा नळीत येऊन गेले असणार, ते न ओळखता. ओळखायला भेंड्यांसारखा माणूस तिथे असावा लागला.


अविनाश_बॉस्टन

परळकर, सर्पगंधेविषयी मी लिहितो, कारण त्या गोष्टीचा पुढचा भाग मी राहतो त्या शहरात घडला.

सर्पगंधेचा वापर आपल्याकडे फार जुना आहे, आणि 1931 साली कलकत्त्याचे सेन आणि बोस यांनी तिच्या रक्तदाब उतरवण्याच्या गुणाविषयी लिहिलेही होते. पण ते लिखाण देशाबाहेर फारसे कुणी वाचले नाही. डॉ. वकिलांनी केले ते असे की औषधाविषयीचा लोकांचा आणि स्वतःचा अनेक वर्षांचा अनुभव बाजूला ठेवून रुग्ण निवडले, आधीचे आणि नंतरचे रक्तदाब पद्धतशीर नोंदवले, दुष्परिणाम लिहिले आणि जिथे हृदयरोगतज्ज्ञ वाचतील अशा नियतकालिकात ते छापले. बॉस्टनचे डॉ. रॉबर्ट विल्किन्स यांनी ते वाचले, औषध मागवले आणि आपल्या रुग्णांवर त्याचा प्रत्यय घेतला. 1952 साली स्वित्झर्लंडमध्ये सीबा कंपनीच्या शास्त्रज्ञांनी त्या मुळीतून रिसर्पिन हे द्रव्य वेगळे केले आणि काही वर्षांत ते जगभर रक्तदाबाचे प्रमुख औषध झाले. वकिलांना 1957 साली लास्कर हा वैद्यकसंशोधनातला मानाचा अमेरिकन पुरस्कार मिळाला आणि विल्किन्स यांना पुढच्या वर्षी.

या औषधाची दुसरी बाजूही सांगायला हवी. रिसर्पिनमुळे काही रुग्णांना तीव्र उदासी येते, असे लक्षात आले. मेंदूतल्या सेरोटोनिनसारख्या द्रव्यांचा साठा ते रिकामा करते, हे नंतर कळले आणि त्यातूनच नैराश्याच्या कारणांविषयीच्या पुढच्या सिद्धान्ताला आधार मिळाला. आज हे औषध मागे पडले आहे, त्याहून सुरक्षित औषधे आली आहेत. तरी रक्तदाब गोळी घेऊन आटोक्यात ठेवता येतो आणि ठेवला पाहिजे, ही गोष्ट डॉक्टरांच्या अंगवळणी पडण्यात त्या 50 रुग्णांचा वाटा आहे. त्यांच्यापैकी कुणाचेही नाव आपल्याला ठाऊक नाही. परळ-लालबागच्या आसपासची माणसे त्यांत असतील, असे मी नेहमी मनाशी धरतो.


डॉ_अनिरुद्ध_स

मी केईएममध्ये निवासी डॉक्टर होतो. वरचे सगळे वाचून समाधान वाटले. मी शस्त्रक्रियेच्या बाजूने भर घालतो.

डॉ. प्रफुल्लकुमार सेन यांचे नाव इथे आलेच पाहिजे. ख्रिश्चन बर्नार्ड यांनी दक्षिण आफ्रिकेत डिसेंबर 1967 मध्ये पहिले हृदयप्रत्यारोपण केले, आणि 1968 च्या फेब्रुवारीत सेन यांनी ते केईएममध्ये केले. जगातल्या अगदी पहिल्या काही प्रत्यारोपणांपैकी ते एक होते. रुग्ण काही तासच जगला. त्याच वर्षी केलेल्या दुसऱ्या प्रत्यारोपणातला रुग्णही एक दिवस ओलांडू शकला नाही. त्यामुळे अनेक जण या प्रयत्नाला अपयश म्हणून निकालात काढतात, ते मला पटत नाही. त्यामागे प्रयोगशाळेत कुत्र्यांवर वर्षानुवर्षे केलेल्या शस्त्रक्रियांचा सराव होता. हृदयाच्या स्नायूला सुईने बारीक छिद्रे पाडून आतल्या रक्ताने त्याचे पोषण करता येईल का, हा विचार सेन यांनी सरपटणाऱ्या प्राण्यांच्या हृदयरचनेवरून घेतला आणि 1965 मध्ये मांडला. पुढे लेसरने तशी छिद्रे पाडण्याची पद्धत परदेशात आली, तेव्हा सेन यांच्या त्या निबंधाचे दाखले दिले गेले. प्रत्यारोपण थांबले त्याची कारणे शल्यकौशल्यात नव्हती. शरीर परके हृदय नाकारते, त्याला आवर घालणारी चांगली औषधे तेव्हा कुठेच नव्हती, आणि मेंदुमृत्यूला आपल्या कायद्यात मान्यता नव्हती. ती 1994 च्या कायद्याने मिळाली आणि त्याच वर्षी दिल्लीच्या एम्समध्ये देशातले पहिले यशस्वी हृदयप्रत्यारोपण झाले.

दुसरी घटना 6 ऑगस्ट 1986 ची. डॉ. इंदिरा हिंदुजा आणि डॉ. टी. सी. आनंदकुमार यांच्या प्रयत्नांतून परीक्षानळीतल्या गर्भधारणेने झालेले मूल केईएममध्ये जन्मले. हिंदुजा स्त्रीरोगतज्ज्ञ म्हणून रुग्णालयात होत्या, तर आनंदकुमार शेजारच्याच प्रजनन संशोधन संस्थेत. स्त्रीबीज मिळवणे, प्रयोगशाळेत फलन घडवणे, गर्भ परत आईच्या पोटात ठेवणे ही साखळी दोन संस्थांच्या लोकांनी रोज एकमेकांकडे ये-जा केल्याशिवाय जमलीच नसती. त्याच आनंदकुमारांनी पुढे कलकत्त्याच्या डॉ. सुभाष मुखोपाध्याय यांच्या हस्तलिखित नोंदी तपासल्या आणि 1978 साली असा जन्म मुखोपाध्यायांनी आधीच घडवून आणला होता, हे जाहीरपणे लिहिले. देशातल्या पहिलेपणाचा मान त्यामुळे आपल्या चमूकडून जाणार हे ठाऊक असूनही त्यांनी ते केले. संशोधक कसा असावा हे विद्यार्थ्यांना सांगताना मी प्रत्येक वेळी हे उदाहरण देतो.


विवेक_ना

चर्चा उत्तम चालली आहे, पण एक प्रश्न मांडल्याशिवाय राहवत नाही. महापालिकेच्या रुग्णालयात येणारा माणूस दुसरीकडे जाऊ शकत नाही म्हणून येतो. त्याला जेव्हा 'या अभ्यासात सहभागी व्हाल का' असे विचारले जाते, तेव्हा तो नाही म्हणण्याच्या स्थितीत असतो का? डॉ. वकिलांच्या 50 रुग्णांना काय सांगितले गेले होते? सेन यांच्या रुग्णाच्या घरच्यांना धोका कितपत समजला होता? या गौरवाच्या हिशेबात रुग्णाची संमती कुठे बसते?

दुसरा प्रश्न वेळेचा आहे. माझ्या घरातल्या एका आजारपणात एका मोठ्या शिक्षण-रुग्णालयात आम्हाला असा अनुभव आला की निवासी डॉक्टरला रुग्णाशी दोन वाक्ये बोलण्याची उसंत नव्हती, पण प्रबंधासाठी हवी असलेली प्रश्नावली मात्र त्याने पूर्ण भरून घेतली. त्या मुलाला मी दोष देत नाही. एवढ्या गर्दीत उपचार आणि संशोधन ही दोन्ही कामे एकाच माणसाच्या अंगावर टाकली, तर कुणाचे नुकसान होते?


परळकर

विवेकराव, प्रश्न रास्त आहेत आणि ते टाळून हा विषय पुरा होणार नाही.

1949 मध्ये किंवा 1968 मध्ये आजच्या अर्थाने लेखी संमती घेण्याचा प्रघात आपल्याकडे नव्हता, आणि जगातही तो नुकता रुजत होता. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने या विषयावरचे पहिले धोरण 1980 मध्ये आणि सविस्तर मार्गदर्शक तत्त्वे 2000 मध्ये काढली. माणसांवरच्या औषध-चाचण्यांची नोंदणी 2009 पासून सक्तीची झाली. 2019 च्या नियमांनुसार अशा चाचण्यांना मंजुरी देणाऱ्या नैतिकता समितीत किमान सात सदस्य असावे लागतात, त्यांतले निम्मे संस्थेबाहेरचे, आणि कायद्याचा जाणकार व एक सामान्य नागरिक त्यात हवाच. हे नियम आकाशातून पडलेले नाहीत. रुग्णालयांत काम करणाऱ्या, रुग्णांची लाचारी जवळून पाहिलेल्या माणसांनी त्यांचा आग्रह धरला, आणि त्यांत केईएमच्या औषधशास्त्र विभागातले अध्यापकही होते. तरीही कागदावर अंगठा उमटला म्हणजे संमती मिळाली असे मी मानत नाही. सहभागी झालो नाही तरी माझ्या उपचारात काही कमी होणार नाही, याची रुग्णाला खात्री पटली तरच ती संमती. ही खात्री त्याला कागद देत नाही, समोरच्या डॉक्टरचे वागणे देते.

वेळेच्या प्रश्नावर मी एक उदाहरण देतो, कारण माझ्या मते उत्तर त्यातच आहे. पित्तनलिका तुंबून झालेल्या काविळीच्या रुग्णांवर शस्त्रक्रिया केली की त्यांतले बरेच जण नंतर जंतुसंसर्गाने दगावत. शल्यविभागात डॉ. रवी बापट यांना ही अडचण सतत भेडसावत होती. औषधशास्त्र विभागात डॉ. शरदिनी डहाणूकर आणि त्यांचे सहकारी आयुर्वेदातल्या वनस्पतींचा शास्त्रीय अभ्यास करत होते. काविळीत यकृताबरोबर शरीराची प्रतिकारशक्तीही खालावते, हे धरून त्यांनी गुळवेल या रुग्णांना देऊन पाहायचे ठरवले. आधी प्राण्यांवर प्रयोग झाले, मग 30 रुग्णांचे दोन गट करण्यात आले. दोन्ही गटांना नेहमीचे सगळे उपचार मिळाले आणि एका गटाला त्याबरोबर गुळवेल. 1993 मध्ये प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात गुळवेल घेतलेल्या गटात संसर्ग आणि मृत्यू स्पष्टपणे कमी आढळले. अभ्यास लहान होता आणि तेवढ्यावरून गुळवेल सर्वांना सरसकट द्यावी असे कुणी म्हणू नये. करोनाच्या काळात अनेकांनी मनाने गुळवेल घेतली आणि काहींना यकृताचा त्रास झाल्याच्या नोंदी मुंबईतूनच आल्या, हेही इथे सांगितले पाहिजे.

माझा मुद्दा त्या अभ्यासाच्या बांधणीचा आहे. शल्यविशारदाने वॉर्ड सोडला नाही आणि औषधशास्त्रज्ञाला रुग्ण शोधत फिरावे लागले नाही. प्रश्न एकाचा, पद्धत दुसऱ्याची आणि रुग्ण दोघांचा. आपण सांगितलेल्या निवासी डॉक्टरवर जो प्रबंध लादला गेला होता, त्यातला प्रश्न त्याचा नव्हता आणि रुग्णाचाही नव्हता. पदवीची अट म्हणून लिहिलेले प्रबंध आणि वॉर्डातून उगवलेले संशोधन यांत मी फरक करतो. पहिल्या प्रकारचे ओझे कमी केले तर दुसऱ्याला वेळ उरेल, असे माझे स्पष्ट मत आहे.


लालबागची_लेक

माझे वडील गिरणीत स्पिनिंग खात्यात होते. या धाग्यात गिरणगावाचा उल्लेख ओझरता आला आहे, म्हणून लिहिते.

साप्ताहिक सुटी संपून कामगार पुन्हा खात्यात शिरला की त्या पहिल्या दिवशी छाती आवळल्यासारखी व्हायची, धाप लागायची, खोकल्याची उबळ यायची. आठवडा सरत जाई तसे बरे वाटे आणि पुढच्या सुटीनंतर पुन्हा तेच. कापसाच्या धुळीमुळे होणाऱ्या बिसिनोसिस या रोगाचे हे ठळक लक्षण आहे. आमच्या चाळीत मात्र त्याला सगळे 'दमा' म्हणत आणि विडीला दोष देत. केईएमच्या छातीरोग विभागात डॉ. एस. आर. कामत आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मुंबईच्या हवेचा आणि श्वसनविकारांचा अभ्यास केला. शहरातल्या वेगवेगळ्या प्रदूषणाच्या वस्त्या आणि तुलनेसाठी ग्रामीण भाग घेऊन लोकांची तपासणी झाली. रुग्ण आपल्या दाराशी येईपर्यंत न थांबता त्याच्या दाराशी जाणे ही त्या कामाची खासियत होती. भोपाळच्या वायुकांडानंतर मुंबईत आलेल्या बाधितांच्या फुप्फुसांची तपासणीही याच विभागाने केली, त्यांच्या प्रकृतीचा पुढेही मागोवा घेतला आणि त्याविषयीचा पहिला वृत्तान्त 1985 मध्येच महाविद्यालयाच्या स्वतःच्या नियतकालिकात छापला. आज त्या वायूच्या दूरगामी परिणामांविषयी कुणी लिहायला बसले, तर त्याला या नोंदी पाहाव्याच लागतात.

फुंकनळीसारख्या यंत्रात जोर लावून फुंकायला लावत आणि कागदावर रेघ उमटे, ती वडिलांनी मला दाखवली होती. आपला दम मोजता येतो आणि तो कमी का झाला याला गिरणीतले कारण आहे, हे एका कामगाराला कागदावर दिसणे ही साधी गोष्ट नव्हती. नुकसानभरपाई मागायची तर अशा कागदाशिवाय कुणी उभे करत नव्हते.


सिस्टर_मंगल

मी परिचारिका होते. सगळ्यांनी डॉक्टरांविषयी लिहिले, ते योग्यच आहे. पण संशोधनाच्या ज्या नोंदींविषयी आपण बोलत आहात, त्यांतल्या बहुतेक परिचारिकांच्या हातच्या असतात. औषध किती वाजता दिले, ताप केव्हा चढला, लघवी किती झाली, रात्री रुग्ण किती वेळा उठला, हे चार्ट नीट भरलेले नसतील तर कोणताही निबंध उभा राहत नाही. रात्रपाळीत एका सिस्टरवर पूर्ण वॉर्ड असताना ते भरले जातात, हे कृपया ध्यानात असू द्यावे.

दुसरी गोष्ट अरुणा शानबाग यांची. त्या केईएममध्ये परिचारिका होत्या आणि त्यांचे काम कुत्र्यांवरच्या शस्त्रक्रियांच्या प्रयोगशाळेत होते, डॉ. अनिरुद्ध यांनी उल्लेख केला तशाच. नोव्हेंबर 1973 मध्ये रुग्णालयातच त्यांच्यावर अमानुष हल्ला झाला आणि मेंदूला इजा होऊन त्या अंथरुणाला खिळल्या. 18 मे 2015 रोजी त्यांचे निधन होईपर्यंत केईएमच्या परिचारिकांच्या एकामागून एक पिढ्यांनी त्यांची शुश्रूषा केली. इतकी वर्षे अंथरुणावर असलेल्या रुग्णाला खाटेवरच्या जखमा होऊ न देणे म्हणजे काय, हे ज्याने एका रुग्णाचे चोवीस तास केले असेल त्यालाच कळेल. दर काही तासांनी कूस बदलणे, अंग पुसणे, घास मऊ करून भरवणे, तोंडाची निगा राखणे. 2011 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्यांच्यासाठी केलेली दयामरणाची याचिका फेटाळली, तेव्हा या परिचारिकांच्या सेवेची आदराने दखल घेतली, आणि त्याच निकालाने आपल्या देशात निष्क्रिय दयामरणाची, म्हणजे जगवणारे उपचार थांबवून मरण येऊ देण्याची, चौकट आखून दिली. ज्यांच्यासाठी मरण मागितले गेले त्या आणि ज्यांनी त्यांना जपले त्या, दोघीही या रुग्णालयाच्या एकाच खोलीत होत्या. या शुश्रूषेवर वैद्यकीय अभ्यास म्हणून कुणी सविस्तर लिहायला हवे होते, असे मला फार वाटते, कारण त्यात शिकण्यासारखे पुष्कळ होते.


डॉ_अनिरुद्ध_स

सिस्टर, आपण लिहिलेले शब्दन् शब्द खरे आहे. आमच्या पहिल्या वर्षी रुग्णाची अवस्था बिघडते आहे हे आम्हाला आधी सिस्टरांनी सांगितले आणि मग आम्हाला दिसले.

विवेकरावांच्या प्रश्नाला माझीही एक पुस्ती जोडतो. जुने केसपेपर जपणे हा संशोधनाचा आणि रुग्णसेवेचा सामाईक पाया आहे, आणि आपल्याकडे तोच सर्वांत दुबळा आहे. रुग्ण गावी जातो, पुढच्या खेपेला कागद आणत नाही, नवा केसपेपर निघतो आणि तोच माणूस नोंदींत दुसरा होतो. बॉम्बे गटाच्या रुग्णाच्या बाबतीत तर यात जिवाचा धोका आहे. परळकर म्हणतात ती वॉर्डातली अडचण ओळखायची असेल, तर गेल्या वर्षी असेच काही घडले होते का, हे उघडून पाहता आले पाहिजे. यावर पालिकेने खर्च करावा असे मी जिथे संधी मिळेल तिथे सांगतो.


विवेक_ना

परळकर आणि डॉक्टर, उत्तरांबद्दल आभारी आहे. संमतीविषयीचे माझे समाधान पूर्ण झालेले नाही, पण प्रबंध आणि वॉर्डातून उगवलेला प्रश्न यांतला फरक मला पटला.

सुहासिनीताई, एक व्यावहारिक शंका आहे. एखाद्याचा गट बॉम्बे असल्याचे कळले तर त्याने आणि घरच्यांनी नेमके काय करावे?


सुहासिनी_त

विवेकराव, सर्वांत आधी सख्ख्या भावंडांचे रक्त तपासून घ्यावे. हा गुण आई आणि वडील दोघांकडूनही आल्याशिवाय उतरत नाही, म्हणून आईवडिलांचा गट साधा असला तरी प्रत्येक भावंडाचा गट बॉम्बे असण्याची शक्यता चारांत एक असते, आणि गरजेच्या वेळी सर्वांत जवळचा दाता तिथेच सापडतो. तपासणी जिथे 'ओ' पेशी आणि 'एच'विरोधी लेक्टिन दोन्ही वापरतात अशा रक्तपेढीतच करावी. शंका राहिली तर रक्तपेढी नमुना परळच्या राष्ट्रीय संस्थेकडे पाठवू शकते.

गटाची नोंद असलेले कार्ड कायम पाकिटात ठेवावे आणि त्यावर नुसते 'ओ' कधीही लिहू देऊ नये. दुर्मीळ दात्यांच्या यादीत नाव नोंदवावे, मात्र उगाच नेमाने रक्तदान करत राहू नये, कारण साठवलेले रक्त साधारण पाच-सहा आठवडेच टिकते आणि मागणी आल्यावर दिलेले रक्त कामी येते. ठरलेली शस्त्रक्रिया असेल तर स्वतःचेच रक्त आधी काढून ठेवता येते. गरोदर स्त्रीच्या बाबतीत पहिल्या तपासणीलाच डॉक्टरांना हे सांगावे आणि रक्तपेढीला बाळंतपणाची अंदाजे तारीख कळवून ठेवावी, म्हणजे त्या आठवड्यात दोन दाते गावातच राहतील अशी व्यवस्था करता येते.